कारणाचा रकाना

गेल्या वर्षी १२ मेच्या रात्री माझ्या वहीत मी लिहिलं होतं: "तहान फार. रात्री चारदा उठले. उन्हाळा." दुसऱ्या दिवशी: "तोंड कोरडं, पाय गळून गेले. कूलरची हवा बाधली असेल." १४ तारखेला: "जेवण जात नाही. आंबा जास्त झाला." तीन दिवसांत तीन लक्षणं आणि प्रत्येकापुढे माझ्याच हाताने लिहिलेलं एक कारण. तिन्ही कारणं चुकीची होती. १६ तारखेला पहाटे मी आयसीयूत होते.

मी नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं. आधी रीत मांडा, उत्तर मागून येईल, हे मी किती पोरांना सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही. ती नोंद आजही वाचवत नाही, पण फाडूनही टाकली नाही. कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी घेणाऱ्या कोणाला तिचा उपयोग होईल म्हणून हे लिहिते आहे.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात खोकला सुरू झाला होता. दोन महिने गेला नाही, मग एक्स-रे, सीटी, बायोप्सी. फुप्फुसाचा कॅन्सर, अ‍ॅडिनोकार्सिनोमा. घरात कोणी कधी विडी ओढली नाही. गाठीच्या तुकड्यावर ईजीएफआर आणि एएलके या जनुकांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या आणि पीडी-एल१, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन, ७० टक्के आलं. रामदासपेठेतल्या आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आकडा ५० च्या वर असला तर केमोशिवाय नुसत्या इम्युनोथेरपीनेही सुरुवात करता येते. पेम्ब्रोलिझुमॅब, २०० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, फायदा होत राहिला तर दोन वर्षांपर्यंत.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. शरीरात टी-पेशी म्हणून शिपाई असतात. ते आपल्याच अवयवांवर धावून जाऊ नयेत म्हणून त्यांना ब्रेक लावलेले असतात. त्यातल्या एका ब्रेकचं नाव पीडी-१. कॅन्सरची पेशी नेमका तोच दाबून धरते आणि शिपाई जागच्या जागी उभे राहतात. औषध त्या ब्रेकवरचा पाय काढतं. पीडी-१ चा शोध जपानच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली लागला. दुसऱ्या एका ब्रेकवर अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन काम करत होते. २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. हे सगळं मी वर्गात बसल्यासारखी लक्ष देऊन ऐकलं. मग ते म्हणाले, "पण मॅडम, ब्रेक सुटला की शिपाई फक्त गाठीवरच जातील असं नाही. कातडीवर जातात, आतड्यावर जातात, थायरॉइडवर, यकृतावर, फुप्फुसावर, क्वचित स्वादुपिंडावरही." यादी लांब होती. स्वादुपिंड शेवटी आलं आणि माझ्या कानावरून निघून गेलं.

पहिला डोस ६ फेब्रुवारीला झाला. अर्ध्या तासाचं सलाईन. शेजारच्या खुर्चीवर कामठीचे एक भाऊ होते, खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, जबडा गेलेला. त्यांचं औषध दुसरं, निव्होलुमॅब, तेही २० मिलिग्रॅमच. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या पेशंटना केमोसोबत एवढा लहान डोस देऊन अभ्यास केला आणि पूर्ण डोस न परवडणाऱ्यांसाठी वाट निघाली, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी बाटली दाखवून ती म्हणाली, "एवढंसंच असते, पण यावरच जीव टांगून आहे, बाई."

त्या दिवशी डे केअरच्या सिस्टरने माझ्या फायलीला एक पिवळं कार्ड टाचून दिलं. त्यावर औषधाचं नाव, डॉक्टरांचा नंबर आणि खाली ठळक अक्षरात लिहिलेलं की या पेशंटला केमोथेरपी नाही, इम्युनोथेरपी चालू आहे. "काकू, काही नवीन झालं की फोन करायचा. लहान वाटलं तरी करायचा. हे लक्षण औषधाचं की नाही, ते आम्ही ठरवू, तुम्ही नाही." मी मान डोलावली. घरी येऊन नवीन चौकटीची वही काढली आणि रकाने आखले: तारीख, काय होतंय, कारण. तो तिसरा रकाना मला कोणी आखायला सांगितला नव्हता.

सुरुवातीचे दोन महिने फार सोपे गेले. केस तसेच राहिले. उलटी नाही. शेजारपाजारचे म्हणत, तुमच्याकडे पाहून वाटतच नाही. दुसऱ्या डोसनंतर पाठीवर आणि दंडावर पुरळ आलं, खाज सुटली. मलम लावून ते आटोक्यात राहिलं. तिसऱ्या डोसनंतर छातीत धडधड, हात थरथर, नाडी ११०. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, तळाला गेलेला. थायरॉइडला सूज येऊन साठलेला हार्मोन एकदम रक्तात उतरला होता. डॉक्टर म्हणाले, काही आठवड्यांत हीच ग्रंथी थकेल आणि उलटं होईल. तसंच झालं, जूनमध्ये टीएसएच ३८. तेव्हा गोळी सुरू करण्याआधी त्यांनी सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला ताण झेलायला लागणारा हार्मोन, तपासून घेतलं. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉइडची गोळी दिली तर पेशंट कोसळू शकतो, म्हणून हा क्रम पाळायचा असतो. थायरॉइडचं एवढंच. रोज पहाटे उपाशीपोटी एक गोळी, ते अंगवळणी पडलं.

पाचवा डोस ३० एप्रिलला झाला. त्याआधीच्या रक्तात शुगर १२६ होती, रँडम. चांगली.

नागपूरच्या मे महिन्यात तहान लागली याची कोणी नोंद घेत नाही. इथे सगळ्यांनाच तहान लागते. घरात दोन माठ भरलेले असतात, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं असतं, दुपारी एक ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी तांब्या तांब्या पाणी पीत होते आणि तरी जीभ टाळूला चिकटत होती. तहान भागेना म्हणून कैरीचं पन्हं केलं, गूळ घालून. दुपारी उसाचा रस. संध्याकाळी आंब्याचा रस. आता मागे पाहते तेव्हा पोटात गोळा येतो. ज्या शरीरात इन्सुलिनचा थेंब उरला नव्हता त्यात मी साखर ओतत होते.

१५ तारखेला सकाळपासून उलट्या. यांनी मला घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे हात लावून "ऊन लागलं" असं निदान झालं आणि ग्लुकोजचं सलाईन लागलं. शुगर पाहिली नाही. आम्हीही पाहा म्हटलं नाही. कॅन्सरची फाईल घरी कपाटात होती आणि मीच ह्यांना म्हटलं होतं, एवढ्यासाठी मोठ्या दवाखान्यात कशाला, उन्हाचं तर आहे. त्या डॉक्टरांचा राग मला खूप दिवस होता. आता राग नाही, पण बोच आहे: बोटाला सुई टोचायला अर्धं मिनिट लागतं.

रात्री अडीचला हे उठून माझ्या उशाशी बसले. "तू अशी श्वास काहून घेऊन राहिली?" मला काही जाणवत नव्हतं. ते म्हणतात, मी पळून आल्यासारखी खोल खोल श्वास घेत होते आणि तोंडाला उतरलेल्या संत्र्यांसारखा गोडसर वास होता. यांना पंधरा वर्षांपासून डायबेटीस आहे. घरात त्यांचं मशीन आहे, पण ते यांचं मशीन. चार महिन्यांत मला एकदाही वाटलं नव्हतं की आपलंही बोट त्यावर टेकवावं. यांनी माझी शुगर घेतली. पडद्यावर आकडा आलाच नाही, "एच आय" अशी दोन इंग्रजी अक्षरं आली. मशीन बिघडलं समजून यांनी स्वतःची पाहिली, १६२. पुन्हा माझी. पुन्हा एच आय. मग चष्मा शोधून डब्यातलं माहितीपत्रक उघडलं. ६०० च्या वर गेली की आकड्याऐवजी ही अक्षरं येतात, असं त्यात लिहिलेलं होतं. यांचे हात कापत होते. बाहेरच्या पिवळ्या बल्बखाली उभं राहून ते मोठ्याने वाचत होते, तेवढं मला आठवतं.

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होता. हे म्हणाले, "केमो चालू आहे." डॉक्टर केमोच्या उलट्यांची औषधं सांगू लागला. तेवढ्यात फायलीवरचं पिवळं कार्ड त्याच्या नजरेस पडलं. ते वाचून त्याने लगेच कीटोन आणि रक्तातल्या आम्लाची तपासणी मागवली. शुगर ६४८, कीटोन भरपूर, पीएच ७.०९, म्हणजे रक्तात आम्ल फार वाढलेलं. डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरलेली असून पेशी उपाशी राहतात, मग शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन हे आम्ल तयार होतं आणि ते बाहेर टाकण्यासाठी श्वास असा खोल चालतो. उलटी, पोटदुखी, ग्लानी त्यातूनच येते. उन्हाने आलेल्या ग्लानीहून ते वेगळं ओळखता येतं, पण तपासलं तर.

आयसीयूतले तीन दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. आधी नुसतं सलाईन, कितीतरी बाटल्या. मग इन्सुलिनचा पंप, थेंब थेंब. दर तासाला बोटाला सुई. पोटॅशियम सारखं पाहत होते, कारण इन्सुलिन सुरू झालं की रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरतं आणि हृदयाला धोका होतो. माझं ३.१ पर्यंत उतरलं, तेही सलाईनमधून द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी तहान गेली. ती गेली तेव्हाच कळलं की ती किती दिवसांपासून होती.

डायबेटीसच्या डॉक्टर आल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. एचबीए१सी ७.० होता. यांना नवल वाटलं, माझा तर याहून जास्त असते, मग हिलाच आयसीयू काहून? उत्तर मी स्वतःच दिलं, कारण ते माझ्या विषयाचं होतं. एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी. अडीच महिने शुगर बरोबर होती आणि शेवटच्या दोन आठवड्यांत ती आकाशाला भिडली, तर सरासरी थोडीच हलते. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर, मॅडम. आता दुसरी तपासणी बघा." सी-पेप्टाइड जवळजवळ शून्य होता. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सी-पेप्टाइडही तेवढंच बनतं. ते नाही म्हणजे इन्सुलिन नाही. जीएडी अँटिबॉडी, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींवर उठल्याची रक्तातली खूण, निगेटिव्ह आली, तरी याने निदान बदलत नाही, बऱ्याच जणांत ती सापडतच नाही, असं त्यांनी सांगितलं. माझ्या टी-पेशींनी इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकल्या होत्या. शंभरात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना होतं हे. झालं की बहुतेक कायमचं.

यांनी विचारलं, "इम्युनोच्या त्रासाला स्टेरॉइड देतात म्हणतात. तेच देऊन टाका ना." त्या म्हणाल्या, आतडं किंवा यकृत सुजलं तर स्टेरॉइडने सूज उतरते आणि अवयव वाचतो. इथे पेशी मरून गेल्यात. स्टेरॉइडने त्या परत येत नाहीत, उलट शुगर आणखी चढते. मग मी भीत भीत विचारलं, आता कॅन्सरचं औषध बंद? कॅन्सरच्या डॉक्टरांनी सीटी दाखवला. गाठ ४.२ सेंटिमीटरवरून २.३ वर आली होती. औषध थांबवून बीटा पेशी परत मिळणार नव्हत्या, आणि औषध तर काम करत होतं. शुगर आटोक्यात आली की पुढचा डोस. एक डोस हुकला, सहावा ११ जूनला झाला.

घरी आले ती दोन पेनं घेऊन. एक रात्रीचं, चोवीस तास चालणारं. दुसरं जेवणाआधीचं, भरभर काम करणारं. सुई टोचायची भीती दोन दिवसांत गेली, हिशेबाची गेली नाही. हिशेब माझ्या हातातला होता म्हणून मी तो मन लावून शिकले. एका मध्यम पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं, एका मध्यम संत्र्यात १२ ते १५. मला किती ग्रॅमला एक युनिट लागतं ते डॉक्टरांनी नोंदींवरून बसवून दिलं. रोज जागा बदलायची, नाहीतर पोटावर गाठ धरते आणि तिथे टोचलेलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही. नोव्हेंबरात घरी संत्र्यांची पेटी आली होती. एक सोलून मुलीला दिलं आणि तसंच बोट टोचलं. २८१! पोटात धस्स झालं. साबणाने हात धुऊन पुन्हा पाहिलं, १३८. बोटाला लागलेला रस मशीनने मोजला होता. तो २८१ खरा मानून मी सुई घेतली असती तर काय झालं असतं, या विचाराने पुढे दोन दिवस मला संत्रं सोलवलं नाही.

पण त्या महिन्यांत मला सगळ्यात जास्त कशाने दमवलं असेल तर लोकांना समजावण्याने. "शुगर" म्हटलं की नागपुरात प्रत्येक घरात एक जाणकार असतो. जाऊबाईंनी कारल्याचा रस पाठवला. शेजारच्या काकूंनी जांभळाच्या बियांची पूड दिली. एक नातलग पोटतिडकीने म्हणाले, "ताई, इन्सुलिनची सवय लागते, एकदा लागलं की सुटत नाही. भात सोडा, रोज पाच किलोमीटर चाला, माझी कशी गोळीवर आली!" त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्यांची आणि यांची शुगर टाइप २ आहे, त्यांच्या शरीरात इन्सुलिन आहे, फक्त पुरत नाही किंवा लागू पडत नाही. माझ्या शरीरात ते नाहीच. मी एक दिवस रात्रीची सुई चुकवली तर पुन्हा आयसीयू. उपास असो, जेवण नको असो, उलट्या होत असोत, ती सुई थांबत नाही. आजारी असताना तर शुगर जास्तदा पाहायची, २५० च्या वर राहिली तर कीटोनची पट्टी, आणि पट्टीत रंग आला तर थेट हॉस्पिटल. हे मी जाऊबाईंना आमच्या ओट्याशी उभी राहून चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी त्यांनी ते दुसऱ्या कोणाला सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

नातलगांचं एक वेळ ठीक. जुलैत दुसऱ्याच तक्रारीसाठी एका फिजिशियनकडे गेले होते. त्यांनी कागद चाळून सुया कमी करू म्हटलं आणि लघवीवाटे साखर काढणारी, डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी लिहून दिली. मी ती घेण्याआधी डायबेटीसच्या डॉक्टरांना फोन केला. त्या एकदम गंभीर झाल्या. ज्याच्याकडे स्वतःचं इन्सुलिन नाही त्याला त्या गोळीने शुगर बरी दिसत असतानाही कीटोन चढू शकतात, म्हणजे मशीनवर काही दिसणार नाही आणि आत तेच पुन्हा घडेल. त्या दिवसापासून पिवळ्या कार्डाखाली मी माझ्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे: "इम्युनोथेरपीमुळे झालेला डायबेटीस. शरीरात इन्सुलिन बनत नाही. इन्सुलिन बंद करू नये." डोळ्यांचा डॉक्टर असो की दातांचा, आधी हे कार्ड टेबलावर ठेवते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोट बिघडलं. आठव्या डोसला दोन आठवडे झाले होते. एरवी दिवसातून एकदा जाणारी मी पाचदा जाऊ लागले. पावसाळा, श्रावणाची जेवणं, आदल्या रविवारी पाहुण्यांकडे जेवलेलं. तीन कारणं जिभेवर तयार होती. यांनी केमिस्टकडून जुलाबाची गोळी आणतो म्हटलं. मी वही उघडली, लिहिलं "जुलाब, ५ वेळा, कळ येते, रक्त नाही" आणि पुढचा रकाना कोरा ठेवून सिस्टरला फोन लावला. नेहमीपेक्षा चार ते सहा वेळा जास्त म्हणजे दुसऱ्या पायरीचा त्रास धरतात, तिने त्याच संध्याकाळी बोलावलं. संडासची तपासणी करून जंतू नाहीत याची खात्री केली आणि निदान झालं, इम्युनोची कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज. या वेळी मात्र स्टेरॉइडच हवं होतं. वजन ५० किलो, प्रेडनिसोलोन ५० मिलिग्रॅम, रोज सकाळी नाश्त्यानंतर. सोबत पोटाची गोळी, कॅल्शियम आणि फुप्फुसातल्या एका संसर्गापासून जपणारी अँटिबायोटिक.

तिसऱ्या दिवशी जुलाब निम्म्यावर आले आणि शुगरने नवा खेळ मांडला. सकाळी उपाशीपोटी ११२, दुपारी चारला ३४६. चार दिवस तोच आकार. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपार-संध्याकाळची शुगर चढवतं आणि रात्री ओसरतं. फक्त सकाळची शुगर पाहणाऱ्याला सगळं छान आहे असंच वाटेल. म्हणून डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन वाढवलं नाही, सकाळी स्टेरॉइडसोबत एनपीएच हे मधल्या पल्ल्याचं इन्सुलिन जोडलं. त्याचा चढ-उतार गोळीच्या चढ-उताराशी जुळतो. मी आलेख काढला, दोन रेषा, एकमेकींच्या मागे चालणाऱ्या. फार दिवसांनी काहीतरी जुळल्याचं समाधान मिळालं.

स्टेरॉइड एकदम थांबवत नाहीत. ५०, ४०, ३०, असं आठवड्या-आठवड्याने उतरवायचं. प्रत्येक पायरीवर एनपीएचही उतरवायचं हे मला सांगितलेलं होतं, कागदावर लिहिलेलंही होतं. ३० वरून २० वर आले त्या आठवड्यात घरात पोळ्याची गडबड होती. नातवाचा लाकडी नंदी रंगवायचा होता, पुरण वाटायचं होतं. गोळी कमी केली, सुईचा आकडा तोच राहिला. पोळ्याच्या आदल्या रात्री तीनला जाग आली ती उशी ओली झाल्यामुळे. घामाने. हाक मारायची होती आणि यांचं नाव ओठांवर येईना. हात पलंगाच्या कडेला आपटला, तेवढ्याने हे जागे झाले. ५२.

यांनी वाटीत तीन चमचे साखर पाण्यात ढवळली आणि मान धरून मला पाजली. चमचा वाटीच्या काठाला लागून होणारा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग घड्याळाकडे पाहत बसलो. १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटं, पुन्हा बोट. ६८. पुन्हा साखर. पुन्हा पंधरा मिनिटं. १०४. मग अर्धी पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना कळवलं, एनपीएच कमी झालं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबत ही पुतळ्यांची मिरवणूक निघते. त्या वर्षी आम्ही पाहायला गेलो नाही, मुलीने फोनवरून मिरवणूक दाखवली. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी लहानपणापासून ऐकते. त्या दिवशी मी ती पुटपुटले.

प्रेडनिसोलोन १० च्या खाली गेल्यावर, पोट शांत राहतंय हे पाहून, ८ ऑक्टोबरला नववा डोस झाला. कोलायटिस परत येऊ शकते, हे सांगूनच दिला. अजून तरी आली नाही. डिसेंबरच्या सीटीत गाठ १.४ सेंटिमीटर. एक गोष्ट डॉक्टर प्रत्येक वेळी पुन्हा सांगतात आणि मीही डे केअरमध्ये नव्याने येणाऱ्यांना सांगते: औषध संपलं तरी त्रास संपला असं धरायचं नाही. शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही नवा अवयव सुजू शकतो. वही तेव्हाही चालू ठेवायची.

आता पुन्हा उन्हाळा आहे. वापरातलं इन्सुलिनचं पेन ३० अंशांखाली ठेवलं तर चार आठवडे चालतं, पण मेमध्ये आमच्या घरात पारा पहाटेसुद्धा ३० च्या खाली येत नाही. गेल्या महिन्यात काटोलला लग्नाला गेलो तिथे दोन दिवस लाईट येत-जात होती. डायबेटीसच्या सिस्टरने सांगितलेला उपाय केला. मोठ्या मडक्यात रेती, रेतीत लहान मडकं, रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी, आत प्लास्टिकच्या डबीत पेन, वर ओलं फडकं. हात घातला की गार लागतं. घरीही आता तसंच ठेवलं आहे, पिण्याच्या माठांच्या शेजारी. न उघडलेली पेनं फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब, कारण गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. यांच्या मशीनला निळा दोरा, माझ्या मशीनला लाल.

६ मेला एकोणिसावा डोस आहे. काल रात्रीची नोंद अशी: "४ मे. तहान. रात्री दोनदा उठून पाणी. लघवी एकदा. शुगर ११ वाजता १४६, ३ वाजता १३१. कीटोन नाही." तिसरा रकाना कोरा आहे. आज सकाळी दहाला डे केअर उघडलं तेव्हा सिस्टरला वाचून दाखवलं. ती म्हणाली, उद्याच्या रक्तात सोडियम आणि कॉर्टिसॉलही पाहून घेऊ.